पाठीवरचा हात

"सर, माह्या पाठीवर हातच पडत नाई जी."

सकाळचा सराव संपला होता. पाचव्या चौकोनात बसणारी आमची पोरगी तळपायाची माती झटकत बोलली. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

मी अमरावतीत खो-खो शिकवतो. गडी कोणी टिपला, कोण किती वेळ पळाली, हे सगळं माझ्या वहीत असतं. खो कोणाला किती मिळाले, ते मात्र कधी लिहिलं नव्हतं. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये चेंडू कोणाकोणाकडे फेकला, याची मोजदाद ठेवतात. झेलला तरी मोजतात, सुटला तरी मोजतात. मला ते फार पटतं. गडी टिपणं हा शेवटचा क्षण. त्याआधी कोणावर भरवसा टाकला, ते फेकीत दिसतं. आमच्याकडे ते खोमध्ये दिसतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रेघा ओढायला लागलो.

खो देणारीला निवड वाटते त्याहून फार कमी असते. मधल्या पाटीवर आठ जणी बसतात, एक आड एक उलट्या तोंडानं. जिच्या हाती आक्रमण आहे तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं वळता येत नाही. खो पाठीमागूनच द्यायचा. म्हणजे आठांपैकी तिच्याकडे पाठ असलेल्या चौघीच कामाच्या, आणि त्यातल्याही पुढं असलेल्याच. पळणारी पलीकडे सटकली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं, हिला की पुढचीला? बसलेलीला मागचं दिसत नाही. तिला फक्त हात कळतो आणि आवाज.

वहीत पहिल्याच आठवड्यात चित्र उभं राहिलं. खांबाजवळच्या दोघींच्या नावापुढं रेघाच रेघा. तिथं थोड्या जास्त असणारच. सूर मारून खांबात गडी टिपायचा तर खो तिथंच लागतो. सगळ्यांना सारखे खो वाटावेत असं मी कधीच म्हणणार नाही, ते प्रसाद वाटण्यासारखं होईल. पण पाचव्या चौकोनापुढं अख्ख्या डावात दोन रेघा होत्या.

मग मी पळणाऱ्यांकडे बघायला लागलो. एकेरी साखळीत नागमोडी पळताना त्या पाचव्या चौकोनापाशी आल्या की पाऊल सैल सोडायच्या. एक तर तिथं चक्क कमरेवर हात ठेवून श्वास घेत होती. इथून कोणी उठणार नाही, हे माझ्याआधी त्यांनी ओळखलं होतं. जिला आपण खो देत नाही, तिच्यासमोर पळणाऱ्याला सावली मिळते. नऊ मिनिटांच्या डावात एवढी सावली पुरते.

ही चूक माझीच होती. आमच्या गावात १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. १९३६ मध्ये मंडळाची माणसं बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले तेही १९१४ मध्येच. अशा मातीत वाढलेल्या माणसाला अंगातली ताकद लांबून दिसते. मलाही खांबाजवळच्या दोघींची दिसली, आणि 'तिले दे, तिले दे' असं मी मैदानाबाहेरून ओरडत राहिलो. पाचवी उशिरा उठते म्हणून तिला खो नाही. आणि खो नाही म्हणून तिचे चवडे मातीत रुतलेले, टाच टेकलेली, नजर कुठंतरी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत आपल्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा पोरींनी मोबाइलवर तेच तेच सूर पुन्हा पुन्हा पाहिले. त्या सुराआधीचा खो कोणी दिला, हे एकीनंही विचारलं नाही. मीही विचारायला लावलं नव्हतं.

सरावात एक बदल केला. लांबचा खो बंद. पाठ करून बसलेली जी पहिली लागेल तिलाच द्यायचा. पहिले काही दिवस खेळ पार विस्कटला. खांबावरची चिडली, "काहून सर, गडी सुटून रायले ना!" सुटत होतेच. पण हळूहळू पाचवीची टाच उचलली गेली, बोटांची टोकं जमिनीला टेकायला लागली.

अकोल्याला सामना होता. रात्री पाऊस पडून गेलेला, काळ्या मातीवर मुरूम टाकूनही पाय धरत होता. दुसऱ्या तुकडीची शेवटची पळणारी सवयीनं पाचव्या चौकोनाजवळ सैलावली. आमची खांबावरची मागून आली, हात उचलला, आणि पाचवी हात पडायच्या आधीच उठली. शिट्टी. फाउल. पोरगी परत बसली, मान खाली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

खांबाला वळसा पडला. पळणारी पुन्हा तिथंच आली. खांबावरचीला दोन चौकोन पुढं तिची नेहमीची जोडीदार पाठ करून बसलेली दिसत होती. तिनं पाचवीच्याच पाठीवर हात मारला, पूर्ण पंजा, आणि एवढ्या जोरात 'खो' म्हणाली की पलीकडच्या मैदानावरची पोरं वळून बघायला लागली.