पर्यटन : पाहुणचार की पळवाट?

आमच्या धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर वर्षातून निदान तीन वेळा बसच्या वर्गणीची सूचना लागते. नाताळनंतर युवकांची सहल निघते. मे महिन्यात काही कुटुंबे मिळून थंड हवेच्या ठिकाणी जातात. सप्टेंबरात पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास वेलंकनीची यात्रा तर ठरलेलीच असते. बोलण्याच्या ओघात आपण या तिन्हींना 'ट्रिप' असे एकच नाव देऊन मोकळे होतो.

आपल्या भाषेने मात्र त्यांत भेद केला होता. अटन म्हणजे हिंडणे. ज्ञानासाठी आणि अनुभवासाठी हिंडणे ते देशाटन, पुण्यासाठी हिंडणे ते तीर्थाटन, आणि पोटासाठी दारोदार हिंडणे ते भिक्षाटन. या प्रत्येक शब्दात आधी हेतू येतो व मग पाऊल उचलले जाते. 'पर्यटन' या शब्दात केवळ सभोवार फिरणे आहे. हेतू ज्याचा त्याने भरायचा. २७ सप्टेंबर हा दिवस १९८० सालापासून जगभर पर्यटन दिन म्हणून पाळला जातो आणि पर्यटनामुळे किती रोजगार मिळाला याचा हिशेब त्या दिवशी मांडला जातो. तो मांडायलाच हवा. पण ज्या भूमीवर, ज्या पाण्यावर आणि ज्या झाडांच्या सावलीत हा व्यवसाय उभा राहतो, त्यांच्या खात्यावर काय जमा झाले आणि काय नावे पडले, हे कोणी मांडायचे?

सालवड-बोईसरच्या परिसरात सेवा करताना हा प्रश्न मला वेगळ्या बाजूने भेटला. सालवडला पर्यटक येत नाहीत. एका बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला चाळी आणि नव्या इमारती, मध्ये उरलीसुरली भातशेती. पहाटेपासून पाळीच्या कामगारांच्या सायकली, रिक्षा व बसगाड्या रस्त्यावर असतात. येथे येणारा पोट भरण्यासाठी येतो आणि सुट्टी मिळताच येथून बाहेर पडतो. म्हणजे पर्यटनाच्या व्यवहारात आम्ही सदैव पाहुणे; यजमानपण आमच्या वाट्याला कधी आलेच नाही. जो केवळ पाहुणाच असतो, त्याला घरातल्या माठात पाणी कोठून येते याचा विचार सहसा सुचत नाही.

आमच्या लोकांची सर्वांत आवडती जागा म्हणजे केळवे. सुरूच्या बनाची सावली, लांबरुंद पुळण, शीतलादेवीचे मंदिर, आणि किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या व पानवेलींच्या वाड्या. २०१३ साली मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची संख्या वाढत गेली. अनेक वाडीवाल्यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आणि घरच्या बाईच्या हाताचे जेवण देऊ केले. त्यातून मुलांची शिक्षणे झाली, घरांवर स्लॅब पडले. ज्यांच्या पानवेलीला भाव मिळेनासा झाला, त्यांच्या हाती चार पैसे आले. त्याला नाके मुरडण्याचा अधिकार मला नाही.

परंतु किनाऱ्यावरच्या वाडीचे पाणी मोठे नाजूक असते. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर सायीसारखे तरंगत राहते. भूजलशास्त्राचा ढोबळ नियम असा की, या गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकते. रहाटाने किंवा मोटेने पाणी काढणाऱ्या पिढ्यांना हे गणित ठाऊक नव्हते, पण त्यांच्या उपशाला बैलाच्या दमाची मर्यादा होती. विजेच्या पंपाला दम लागत नाही. दोन खोल्यांच्या घरगुती पाहुणचाराला विहीर पुरते. पोहण्याचा तलाव, कृत्रिम धबधबे आणि हिरवळ असलेल्या रिसॉर्टला ती पुरत नाही. खोल विंधनविहीर घेतली जाते, आणि शेजारच्या वाडीतली पानवेल पिवळी पडू लागली की मगच त्या उपशाची वार्ता शेजाऱ्याला कळते. वसईतील वाचकांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. टँकरसाठी झालेल्या बेसुमार उपशाने वाड्यांतील विहिरी कशा मचूळ झाल्या आणि त्यातून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ कशी उभी राहिली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

एकदा आमच्या युवकांबरोबर मी केळव्याला गेलो होतो. दुपारी जेवणे आटोपली आणि बरोबर नेलेले पाणी संपले. जवळच्या वाडीत एक वृद्ध बाई पानवेलींना आधार बांधत होत्या. त्यांनी मुलांना विहिरीवर नेले, कळशीने पाणी काढून दिले आणि कौतुकाने विचारले, "पोरांनो, तुम्ही कुठले? तुमच्या गावाला विहीर नाही का रे?" आमचा एक मुलगा सहज बोलून गेला, "आहे ना आजी. पण तिचं पाणी कोणी पीत नाही."

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फादर, मग ही पोरं इथे खेळायला आली की प्यायला?"

त्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. मात्र पर्यटनाविषयीचा माझा सारा विचार तेव्हापासून त्याच विहिरीभोवती फिरत आहे.

प्रवासाचा दुसरा प्रकार तीर्थयात्रेचा. आपल्या जिल्ह्यात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते. डोंगरपट्ट्यातले आदिवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या या जत्रेला येत आहेत. देवीचे दर्शन आणि आगोटीची खरेदी अशी दोन्ही कामे ते एकाच खेपेत उरकतात. त्याच पट्ट्यात बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरात पारशी बांधवांची लेणी आहेत. संजाणचा पाडाव झाल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी तेथे बारा वर्षे जपला, असे त्यांची परंपरा सांगते. श्रद्धेने येणारा माणूस स्थळाला आपल्यापेक्षा मोठे मानतो, कमी मागतो आणि गैरसोय सोसतो. तीर्थयात्रेने निसर्गाला फारसे ओरबाडले नाही, त्याचे कारण तिच्या या नम्रतेत होते. आज यात्रेकरूही हॉटेलची खोली, बाटलीबंद पाणी आणि थर्माकोलची ताटली घेऊनच निघतो. आपल्या वेलंकनीच्या किंवा वांद्र्याच्या मोतमावलीच्या यात्रेनंतर बस जेथे जेथे थांबली, तेथल्या रस्त्याच्या कडा पाहाव्यात. नोव्हेना पूर्ण झाली, मेणबत्ती लावली. परंतु मागे उरलेला कचरा उचलणारी सफाई कामगार भगिनी आपल्या प्रार्थनेत कोठेच नव्हती. हेतू बदलला नसला, तरी सवयी बदलल्या की तीर्थाटनाचे पर्यटन होते.

तिसरा प्रकार निसर्ग पर्यटनाचा. संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष त्याच्या नावे साजरे केले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. नाव चांगले असले, की त्याची पाटी कोणीही लावतो. सपाट केलेल्या टेकडीवर परदेशी गवत लावून 'निसर्गाच्या कुशीत' असे फलक झळकतातच. तरीही हा प्रकार मुळात खोटा नाही, याची साक्ष रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे छोटे गाव देते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे तेथील पुळणीवर रात्री येऊन अंडी घालतात. पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती राखण्यास प्रारंभ केला, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वाळूतून वर येतात आणि समुद्राकडे धावतात. ते पाहण्यासाठी येणारे लोक गावकऱ्यांच्या घरी उतरतात, गावचे जेवण जेवतात आणि दोरीच्या अलीकडे शांतपणे उभे राहतात. पिल्लू दिसले तर भाग्य, न दिसले तरी पैसे परत मागायचे नाहीत! अंडे विकून एकदाच मिळणारा पैसा आणि पिल्लू जगवून दरवर्षी मिळणारा पैसा, यांतला फरक त्या गावाला कळला. माथेरानने दुसऱ्या रीतीने हेच साधले. तेथे पर्यटकाची मोटार कितीही महागडी असली, तरी ती दस्तुरी नाक्यापाशी थांबते.

या उदाहरणांतून मला एक गोष्ट उमगते. पर्यटनाचा प्रकार पाटीवरून ठरत नाही, मर्यादा कोण घालतो यावरून ठरतो. जेथे यजमान 'येथपर्यंतच' असे म्हणू शकतो, तेथे निसर्ग टिकतो आणि पाहुण्याचाही मान राहतो. जेथे पाहुण्याची मागणी हाच नियम होतो, तेथे काही वर्षांनी पाहण्यासारखे काही उरत नाही.

आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यासाठी अशी मर्यादा केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने घातली. तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवण्यात आला आणि उद्योगांसाठी अधिकाधिक ५०० एकर एवढीच जमीन ठेवण्यात आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार त्यावर देखरेख करणारे प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अखेरपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. 'आमचा विकास अडला' अशी तक्रार तेव्हा अनेकांनी केली. त्यांतल्या काहींची अडचण खरीही होती. पण बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या पाहायला आज मुंबईची माणसे का जातात? तेथे जे होऊ दिले नाही, त्यामुळेच ना! पुढचे मात्र सांगता येत नाही. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीची २०० मीटरची पट्टी ५० मीटरवर आणण्याची मुभा दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणीही झाली.

आता पुन्हा त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा जो निर्देशांक काढला, त्यात तारापूर देशात सर्वांत वरच्या स्थानी होते. येथल्या कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नळाने नवापूरच्या समुद्राकडे नेले जाते. मासे मरतात, जाळी रिकामी येतात, म्हणून मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने नुकसानभरपाईचा आदेश दिला. त्याच किनाऱ्यावर, नवापूरच्या दक्षिणेला, सातपाटीपलीकडे केळवे आहे. म्हणजे आठवडाभर आम्ही ज्या व्यवस्थेवर पोट भरतो, तिचे पाणी नवापूरकडे जाते, आणि रविवारी आम्ही स्वच्छ लाट शोधत केळव्याकडे जातो. समुद्र तर एकच आहे.

कामगाराने सुट्टीच्या दिवशी मोकळी हवा शोधू नये, असे मी कधीही म्हणणार नाही. आठ तास रसायनांच्या वासात उभ्या राहिलेल्या माणसाला समुद्राचा वारा हवाच. विसावा ही परमेश्वराची आज्ञा आहे. ती चैनीची बाब नव्हे. पण विसावा निराळा आणि पळवाट निराळी. विसावा घेतलेला माणूस ताजा होऊन घरी येतो आणि घराकडे नव्या डोळ्यांनी पाहतो. पळवाट शोधणारा आपल्या घराविषयी निराश झालेला असतो. म्हणून तो दुसऱ्याच्या अंगणात जातो आणि तेही त्याच बेफिकिरीने वापरतो. आपल्या विहिरीवाचून ज्याचे अडत नाही, त्याला केळव्याच्या विहिरीचे मोल कोण शिकवणार? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. सामाईक घरात पाहुण्यांची खोली वेगळी नसते, आणि उकिरड्यासाठी राखून ठेवलेली खोलीही नसते.

यंदा आमच्या युवक मंडळाने दोन लहानसे निर्णय घेतले आहेत. पहिला असा की, सहलीला जेथे जाऊ तेथे गावकऱ्याच्याच घरी जेवायचे, आपली भांडी आपण न्यायची आणि आपला कचरा पुन्हा बसमध्ये घालून आणायचा. वेलंकनीच्या बसलाही हाच नियम लागू होईल. महिला मंडळाने तो थोड्या कुरबुरीनंतर मान्य केला आहे. दुसरा निर्णय मुलांनी माझ्याकडून काही न ऐकता घेतला. नाताळनंतरची सहल या वर्षी दूर कोठे जाणार नाही. सकाळी सालवडच्या जुन्या विहिरी एकेक करून पाहायच्या, किती वापरात आहेत, किती बुजल्या, कोणत्या पाण्याला रंग वा वास आहे याची नोंद करायची. आणि दुपारी नवापूरला जाऊन कोळीवाड्यातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांचा समुद्र पूर्वी कसा होता, ते ऐकायचे. एक-दोन पालकांनी विचारले, "फादर, ही कसली सहल?" त्यांनाही मी बसमध्ये जागा राखून ठेवली आहे.