रात्रीची नोंद

आमच्या घरांत वडील माणसांच्या शब्दाला मान आहे. परंतु तो मान बहुधा पुरुषांच्या शब्दाला आहे, हें कबूल करावयास मला साठ वर्षें लागलीं. आत्या दोन उन्हाळे सांगत होती कीं, गच्चीखालच्या तिच्या खोलींत रात्रीं अंगाची काहिली होते व डोळ्याला डोळा लागत नाहीं. दादा एके दिवशीं सकाळीं सात वाजतां उष्णतामापक घेऊन वर गेले, माजघरापेक्षां एकच अंश अधिक पाहून खालीं उतरले, आणि "वय झालें कीं ऊन सोसत नाहीं," असा निकाल देऊन चहाला बसले. आत्या पुढें कांहीं बोलली नाहीं.

माझ्या पुतण्याजवळ आर्डुइनो उनो नांवाची तळहाताएवढी पाटी होती. इटलींतील इव्रेया गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं म्हणून आर्डुइनोचा जन्म झाला. त्या पाटीला आम्हीं उष्णता मोजणारे दोन लहान अवयव जोडले, एक आत्याच्या खोलींत व दुसरा माजघरांत. आंकडे पडद्यावर दिसूं लागले. पण रात्रीं ते पाहावयास बसणार कोण?

तेव्हां आंकडे सांठविणें आलें. या पाटीवरील मायक्रोकंट्रोलरमध्यें वीज गेली तरी टिकणारी स्मृति आहे खरी, पण ती अवघी १०२४ बाइटांची. दर पांच मिनिटांनीं एक, अशा दिवसाच्या २८८ नोंदी. दोन खोल्या, प्रत्येक आंकड्यास दोन बाइट, म्हणजे ११५२. एक दिवसही पुरा मावेना! शिवाय एकाच जागीं सुमारें एक लाख वेळांच लिहितां येईल, एवढीच हमी. म्हणून मेमरी कार्ड आणलें. पाटी पांच व्होल्टची व कार्ड ३.३ व्होल्टचें, त्यामुळें मधें दाब उतरविणारी जोडणी लागते. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलांना हा छंद असेल, त्यांनीं हें विसरूं नये. आम्हीं विसरलों व पहिलें कार्ड गमावलें. वेळ कळावी म्हणून स्वतंत्र सेलवर चालणारें एक घड्याळही जोडलें.

तिसऱ्या रात्रीं वीज गेली. सकाळीं कार्ड संगणकांत घालून पाहतों तों फाइल आहे, आंत अक्षर नाहीं. चूक माझीच होती. मीं फाइल संध्याकाळीं उघडून सकाळीं मिटावयाचें ठरविलें होतें, आणि लिहिलेला मजकूर आधीं ५१२ बाइटांच्या तात्पुरत्या जागेंत सांठतो, हें मला ठाऊक नव्हतें. जो कारकून दिवसभराचा हिशेब तोंडीं ठेवून दिवेलागणीला वहींत उतरवितो, त्याला मध्येंच घेरी आली म्हणजे जें व्हावयाचें तेंच झालें. मग प्रत्येक नोंदीला फाइल उघडणें, लिहिणें व मिटणें असा क्रम ठेवला. काम थोडें मंदावलें. पण पांच मिनिटांत एकदां लिहिणाराला घाई कसली?

पुढें सात रात्रींची नोंद निर्वेध मिळाली. मेच्या एका रात्रीं अकरा वाजतां वर ३५.५ अंश, माजघरांत ३१. पहाटे तीनला वर ३३.५, खालीं ३०. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खोलींत सोडीत होता, आणि डांसांमुळें खिडक्या मिटलेल्या. पांच वाजतां आत्या त्या उघडी, म्हणून सातला फरक एका अंशावर येई. नेमका तेवढाच दादांनीं पाहिला होता. मोजमापांत अर्ध्या अंशाची चूक धरली तरी तीन वाजतांचा आंकडा कांहीं खोटा ठरत नव्हता.

दादांनीं कागद दोनदां वाचला, चष्मा पुसला, आणि त्याच संध्याकाळीं आत्याची खाट माजघरांत आणविली. आत्या खाटेच्या कडेवर बसून म्हणाली, "मी दोन वर्षें सांगत होतें, त्याहून यांत निराळें काय लिहिलें आहे रे?"

कोणीं उत्तर दिलें नाहीं. वरच्या खोलींत हल्लीं मी निजतों, व नोंद अजून चालू आहे.