लक्ष्मीचे वाहन

दुर्मिळ जीव पाहायचा तर समुद्र ओलांडायला हवा, अशी आपली समजूत असते. अंदमानातले नारकोंडम बेटच घ्या ना! तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेही नाही. शिंदखेड्याच्या माणसाला मात्र तापी ओलांडली तरी पुरते. शहाद्यापलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी सागाच्या रानाची बेटे उरली आहेत. पाण्याने नव्हे, कापसाच्या नि उसाच्या शेतांनी वेढलेली. त्या बेटांवर रानपिंगळा राहतो.

पक्षी वीतभर, पण त्याची कथा लांबलचक. १८७३ साली ह्यूमसाहेबांनी त्याला शास्त्रात नाव दिले. पुढे खानदेशातले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून त्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र तो जणू नाहीसाच झाला. मध्येच कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या गृहस्थाने, १९१४ साली आपण तो गुजरातेत मिळवला, असे नोंदवून ठेवले. त्या पत्त्यावर शोधणारे रिकाम्या हातांनी परतले. परतणारच! संग्रहालयातला डेव्हिडसनचाच जुना नमुना लांबवून, आत नवा कापूस भरून, पायाला नवी चिठ्ठी बांधलेली होती.

पामेला रासमुसेन या विदुषीने ही लबाडी ओळखली. खोटी चिठ्ठी बाजूला सारून त्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट या सहकाऱ्यांसह त्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा आमच्या धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली.

माघातल्या एका पहाटे मी निघालो.

"कथा चालनात, भाऊ?" शेजारच्या आजींनी विचारले.

"घुबड पाहायला."

आजींनी पदर तोंडाला लावला. भल्या सकाळी हे काय नाव!

दोंडाईचा गेले, सारंगखेड्याचा पूल गेला, शहादा मागे पडले. रानात एक पावरा वाटाड्या सोबत होता. त्याने थांबून बोट दाखवले. सागाच्या उघड्या फांदीवर, लख्ख उन्हात, तो बसला होता. घुबडाच्या कुळातला, पण दिवसाढवळ्या शिकार करणारा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच; शेपटी मात्र सारखी डावी-उजवीकडे झटकीत होता. वाळल्या पानांत काही सळसळले. तो झेपावला आणि सरडा घेऊन वर आला.

"दादा," वाटाड्या हळूच म्हणाला, "जुनी पोकळ झाडे राहिली, तर हा राहील. याचे घर ढोलीत."

रानपिंगळा पुढे मेळघाटात सापडला, तानशाच्या रानातही सापडला; पण आहे तो थोडाच. त्यातच लक्ष्मीपूजनाच्या सुमारास जादूटोण्यापायी घुबडांचा जीव घेणारी माणसे अजून आहेत. लक्ष्मी यावी म्हणून तिचे वाहनच मारायचे, हा कुठला हिशेब?

लक्ष्मीसाठी आपण दारात पणती लावतो. ती जरूर लावावी. पण बांधावरचे एखादे म्हातारे, ढोलीचे झाडही उभे राहू द्यावे. आलेल्या पाहुणीचे वाहन कुठेतरी टेकायला नको का?