सरडा स्त्रीलिंगी होतो तेव्हा

पिंपळीच्या माळावर सरडा दिसला की आम्हां मराठीच्या अध्यापकांना आधी व्युत्पत्ती आठवते : संस्कृत 'सरट', प्राकृत 'सरड', मराठी 'सरडा'. हाच शब्द २०१६ साली प्राणिशास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. मराठीच्या वर्गात त्याची वार्ताही पोहोचलेली आम्ही पाहिली नाही.

गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडणारे आपल्याकडचे सरडे तोवर 'सिताना' या, कुव्हिएने १८२९ साली दिलेल्या नावाखाली मोडत. व्ही. दीपक, वरद गिरी आदी अभ्यासकांनी त्यांतले निळ्या-काळ्या-नारिंगी गळ्याचे वेगळे काढले आणि त्या प्रजातीला मराठीतलेच नाव दिले : 'सरडा'.

यातली एक जाती नवी नव्हतीच. जर्डनने १८७० साली तिला 'सिताना डेक्कनेन्सिस' म्हटले होते. पुढच्यांनी ते नाव पुदुच्चेरीवरून पडलेल्या 'सिताना पाँटिसेरियाना'चा निव्वळ पर्याय ठरवून बाजूस सारले. १४६ वर्षांनी ते पुन्हा ग्राह्य झाले. आज ते 'सरडा डेक्कनेन्सिस (जर्डन, १८७०)' असे लिहितात. हा कंस शोभेचा नव्हे. नाव जर्डनचेच, पण त्याने ते दुसऱ्या प्रजातीत ठेवले होते, एवढे तो सांगतो. आमच्या पाठचिकित्सेत कंसाला इतके नेमके काम क्वचितच मिळते!

खरी मौज पुढे आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरील जातीचे नाव 'सरडा सुपर्बा'. लॅटिनमध्ये 'सुपर्बा' हे स्त्रीलिंगी विशेषण. पुल्लिंगी असते तर 'सुपर्बस' झाले असते. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार विशेषणाने प्रजातीच्या लिंगाशी जुळवून घ्यावे लागते. मूळ शब्द ग्रीक, लॅटिन वा आधुनिक युरोपीय भाषेतला नसेल, तर नाव देणारा सांगेल ते लिंग. त्याने सांगितले नाही आणि विशेषणावरूनही कळत नसेल, तर रोमन 'ए'ने संपणारे नाव स्त्रीलिंगी. अशा शब्दाचे मूळ भाषेतले लिंग विचारात घेतले जात नाही. त्यामुळे मराठीत 'तो' असलेला सरडा तिथे 'ती' झाला, आणि तरीही नाव पूर्णपणे वैध आहे. तिसरी जाती 'डार्विनी' मात्र या भानगडीतून सुटली. ती षष्ठी आहे, डार्विनचा.

व्याकरणाने हळहळावे असे आम्हांला यात काही वाटत नाही. 'टेबल' आपण नपुंसकलिंगी केले, तेव्हा इंग्रजांना कुठे विचारले होते? खटकतो तो उच्चार. रोमन लिपीत 'ड' आणि 'द' यांना एकच अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाची खूण नाही. परवा एका विद्यार्थिनीने ते नाव मोठ्याने वाचले : 'सारदा'.