पॅरिसला झेंडा धरणारी होनवडजची भाग्यश्री

नांदेड

चि. गौरीस,


मेसेजला पत्रानं उत्तर देणारी मावशी तुझ्या मैत्रिणींत दुसऱ्या कुणाला नसेल. पण एवढं सगळं अंगठ्यानं टाइप करणं मला जमायचं नाही. तू स्पेनहून तिथल्या बास्केटबॉलपटू अल्बा टोरेन्सबद्दल भरभरून लिहिलंस आणि शेवटी दोन प्रश्न टाकलेस. आपल्या नांदेड-लातूरकडं अशी कुणी खेळाडू बाई झाली का? आणि पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात व्हीलचेअरवरून तिरंगा घेऊन आलेली ती बाई नांदेडची, हे खरं का? दोन्हींचं उत्तर एकच आहे. तिचं नाव भाग्यश्री माधवराव जाधव.

आधी तुझ्या बास्केटबॉलचं उरकते. मराठवाड्यात या खेळाचं मोठं नाव शोधशील तर हात रिकामेच राहतील. आपल्या शाळांतून खो-खो आणि कबड्डी. कुस्तीत मात्र लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार रुस्तुम-ए-हिंद झाले. बास्केटबॉल महाराष्ट्रात रुजला तो पुण्या-मुंबईकडं. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. 2017 साली बंगळुरूत आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला 75-73 असं हरवलं, तो या संघाचा फार मोठा दिवस. तरीही ऑलिम्पिकचं दार आपल्या महिला संघाला अजून उघडलेलं नाही. तुझी अल्बा 2016 ला रिओतून रौप्यपदक घेऊन परतली, त्याआधी आणि नंतर तीनदा युरोपची विजेती झाली. ही बरोबरी आपल्याकडं करता येत नाही आणि ओढूनताणून करूही नये.

भाग्यश्रीचं गाव होनवडज, तालुका मुखेड. जिल्हा नांदेड असला तरी मुखेड म्हणजे तुमच्या उदगीर-जळकोटला लागूनच, त्यामुळं लातूरवाल्यांनीही तिच्यावर हक्क सांगायला हरकत नाही. तिचा जन्म 1985 चा. लग्नानंतरच्या काही वर्षांत तिचं चालणं गेलं. त्यामागची हकीकत वर्तमानपत्रांनी पानं भरभरून छापली आहे, मी इथं ती उगाळणार नाही. कारण होतं काय, की तिच्याबद्दलच्या बातमीचे तीन भाग तिच्यावर काय गुदरलं यातच संपतात आणि तिनं गोळा किती लांब फेकला हे शेवटच्या ओळीत येतं, कधी तेही येत नाही. खेळाडूची गोष्ट टेपच्या मापानं सांगावी, हळहळीनं नव्हे.

म्हणून आधी तिचा खेळ समजून घे. ती गोळाफेक करते, ‘एफ 34’ या वर्गात. यातला ‘एफ’ मैदानी प्रकारांचा आणि 31 ते 34 हे आकडे ज्यांच्या स्नायूंवरचा ताबा बिघडला आहे, अशा बसून खेळणाऱ्यांचे. 34 म्हणजे त्यांतला सगळ्यांत कमी अडचणीचा वर्ग, पण कमी म्हणजे किती ते फेक पाहिल्यावरच कळतं. बायकांचा गोळा इथं तीन किलोचा. ऑलिम्पिकमध्ये उभ्यानं फेकणाऱ्या बायकांचा चार किलोचा असतो. खेळाडू आपल्या व्हीलचेअरवरून उतरून एका लोखंडी चौकटीवर बसते. या चौकटीची बैठक जास्तीत जास्त 75 सेंटिमीटर उंच असू शकते, आणि ती जमिनीला साखळ्या-पट्ट्यांनी अशी जखडतात की तसूभर हलू नये. खेळाडूच्या मांड्याही पट्ट्यांनी आवळतात. एकदा ती पक्की बसली की तिच्या फेकी सलग उरकतात आणि मग दुसरीला बसवतात.

आता बघ, उभ्यानं गोळा फेकणारा पठ्ठ्या पायातून जोर काढतो. वर्तुळात गिरकी घेतो किंवा मागून सरकत येतो, आणि ती सगळी गती कमरेतून खांद्यात, खांद्यातून बोटांत येते. भाग्यश्रीला यातलं पहिलं अर्धं मिळतच नाही. सगळा जोर पोट, पाठ आणि खांदा यांतून काढायचा. त्यात नियम असा, की फेकताना बैठकीवरून अंग उचललं गेलं तर फाऊल. म्हणजे शरीर पुढं झेपावू पाहतं नेमकं तेव्हाच त्याला खाली दाबून ठेवायचं. तू जम्प शॉट मारतेस ना, तो पाय जमिनीला बांधून मारून बघ एकदा.

भाग्यश्री या खेळात आली तीच तिशी ओलांडल्यावर. टोकियोचं पॅरालिम्पिक करोनामुळं लांबून 2021 साली, प्रेक्षकांविना झालं. तिथं तिनं 7.00 मीटरची फेक केली. ती तिची तोवरची सर्वांत लांब फेक, आणि क्रमांक सातवा. पदक नाही म्हणून आपल्याकडं फार कुणी दखल घेतली नाही. पुढं 2023 च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 7.54 मीटर आणि रौप्यपदक. 2024 च्या मे महिन्यात जपानमधल्या कोबेला जागतिक स्पर्धेत 7.56 मीटर, पुन्हा रौप्य. अडीच-तीन वर्षांत अर्ध्या मीटरहून जास्त वाढ, तीही चाळिशी समोर दिसत असताना. मला यातलं सर्वांत मोठं काय वाटतं विचारशील तर पदकांपेक्षा हे वाढलेलं अर्धं मीटर.

मग 28 ऑगस्ट 2024 ची ती संध्याकाळ. पॅरालिम्पिकचं उद्घाटन पहिल्यांदाच स्टेडियमबाहेर, पॅरिसच्या रस्त्यांवर झालं. भारताचे 84 खेळाडू त्या स्पर्धेला गेले होते. झेंडा दोघांच्या हाती: भालाफेकीत टोकियोचं सुवर्ण जिंकलेला सुमित अंतिल आणि आपली भाग्यश्री. तू विचारलंस तो प्रसंग हाच. प्रत्यक्ष स्पर्धेत तिची फेक 7.28 मीटरची पडली, क्रमांक पाचवा. सुवर्ण टोकियोप्रमाणं इथंही चीनच्या झोउ लिजुआनला, नऊ मीटरच्या पुढं. अंतर मोठं आहे, झाकायचं कशाला? पण सातवीवरून पाचवी येणं, हेही तितकंच खरं.

अल्बाचा जन्म 1989 चा, म्हणजे दोघींत चारच वर्षांचं अंतर. अल्बा विशीच्या सुरुवातीला युरोपातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. भाग्यश्रीनं त्या वयात गोळा हातात घेतलेला नव्हता. यात जिद्दीबिद्दीचं मोजमाप करू नकोस. तुझ्या त्या स्पेनमध्ये गल्लीच्या टोकाला क्लब असतो, पोरगी दहा वर्षांची झाली की कुणीतरी तिला तिथं नेऊन सोडतं. आपल्याकडं खेळ म्हणजे दहावीला मिळणारे वाढीव गुण आणि पुढं नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, एवढीच त्याची ओळख. तुझ्या लातुरात तर अकरावी-बारावीच्या पोरांना क्लासमधून क्लासला जायलाच वेळ पुरत नाही, तूही त्यातलीच होतीस. आणि धडधाकट मुलींची ही गत, तर व्हीलचेअरवरच्या मुलीला मैदानावर नेणार कोण? मैदानाच्या फाटकालाच पायरी असते. पदक आलं की मात्र हार, शाल, नारळ घेऊन स्टेशनवर गर्दी. सत्कारात आपण कधीच कमी पडत नाही.

तुमच्याकडच्या सारागोसाच्या तेरेसा पेरालेसबद्दल मी वाचलं आहे. तीही व्हीलचेअर वापरते. पॅरिसमध्ये तिनं जलतरणातलं अठ्ठाविसावं पॅरालिम्पिक पदक घेतलं. एकटीच्या जिवावर अठ्ठावीस पदकं होत नाहीत. मागं तलाव लागतो, प्रशिक्षक लागतो, आत नेणारा उतार लागतो.

तर आता तुला एक काम. तू ज्या क्लबात खेळायला जातेस, तिथं किंवा गावातल्या दुसऱ्या क्लबात बसून फेकण्याची चौकट असेल तर तिचे चारी बाजूंनी फोटो काढ. पाइपची जाडी, पट्टे कुठं अडकवतात आणि जमिनीत कडी कशी बसवतात, ते नीट विचारून लिहून पाठव. नांदेडचे वेल्डर माप दिलं तर काहीही बनवून देतात. माझ्या ओळखीच्या एका शाळेचं मैदान आहे आणि हेडमास्तर तयार आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी पाठवलंस तर बरं, म्हणजे सुट्टी संपेपर्यंत चौकट उभी राहील.

तुझी,
मावशी