जरा थांबा!

'जरा थांबा' हे दोन शब्द आम्हीं आयुष्यांत जितक्या वेळां उच्चारले, तितक्या वेळां दुसरे क्वचितच उच्चारले असतील. परंतु ऐकणारा त्यांचा अर्थ काय घेतो, याचा विचार करावयास आम्हांला एका मोडेमनें शिकविलें.

१९९४ सालीं आम्ही प्रबंधासाठीं अमेरिकेंत राहत होतों. विद्यापीठाच्या संगणकाशीं घरून संबंध ठेवतां यावा, म्हणून आम्हीं एक वापरलेला मॅकिंटॉश प्लस व दर सेकंदास १४,४०० बिट वाहणारा मोडेम विकत घेतला. मॅकिंटॉश प्लस हें १९८६ सालचें यंत्र. मोडेम त्या मानानें तरुण. फोनवरून तो मजकूर आवळून आणी आणि संगणकापुढें उलगडून ठेवी. संगणक तबकडीवर लिहिण्यांत गुंतला, कीं त्याला पुढचें ऐकावयास सवड नसे, आणि मधलीं अक्षरें सांडून जात.

मोडेमला थांबविण्याच्या रीती दोन. पहिलींत संगणकानें १९ क्रमांकाची खूण धाडली म्हणजे थांबावयाचें आणि १७ क्रमांकाची धाडली म्हणजे पुन्हां चालूं लागावयाचें. साध्या पत्रांना ही रीत पुरे; पण प्रोग्रामच्या फाइलींत हेच आंकडे मजकूर म्हणूनही येतात, आणि मग कोणी न सांगतां सारें ठप्प होतें! दुसरी रीत निराळ्या तारेवरच्या खुणेची. तीसाठीं आम्हीं नवी केबल आणली. आतां अक्षरें सांडत ना. मात्र फाइल अर्धीमुर्धी येते न येते, तोंच फोन तुटे.

तीन रात्री आम्हीं टेलिफोनच्या तारांना दोष दिला. चौथ्या रात्रीं मोडेमचें पुस्तक वाचलें, तेव्हां उलगडा झाला. संगणकाकडून मोडेमला दोन खुणा हव्या असतात: एक, 'मला ऐकावयास सवड आहे', दुसरी, 'मी येथें हजर आहें'. आमच्या यंत्रापाशीं अशी बाहेर जाणारी तार एकच. केबलींत ती दोन्ही ठिकाणीं जोडलेली. त्यामुळें संगणक बिचारा 'जरा थांब' म्हणे, आणि मोडेम 'मालक निघून गेले' असें समजून इमानानें फोन खालीं ठेवी. 'एटी अँड डी शून्य' ही एकच आज्ञा दिली, कीं मोडेम दुसऱ्या खुणेकडे लक्ष देत नाहीं. त्या रात्रीं फाइल अखेरपर्यंत आली.

त्याच दिवसांत दर महिन्याला आम्ही साताऱ्यास वडिलांना फोन करीत असूं. "केव्हां येणार?" असें ते विचारीत, "जरा थांबा, प्रबंध हातावेगळा होऊं द्या," असें आम्ही म्हणत असूं. पुढें त्यांनीं विचारणें सोडलें. त्यांना आमची अडचण पटली, असें आम्हीं मानलें. १९९५ च्या उन्हाळ्यांत घरीं गेलों, तों आमचें पुस्तकांचें कपाट जागेवर नव्हतें. वडिलांनीं तें वाचनालयाला देऊन टाकलें होतें. "तूं आतां कांहीं परत येत नाहींस, असें वाटलें," ते म्हणाले. आवाजांत राग नव्हता. राग असता तर बरें झालें असतें.

आमची तारही एकच होती, आणि ती दोन ठिकाणीं जोडलेली होती. मोडेमला एका आज्ञेनें समजावितां येतें. वडिलांना तसें समजावितां येत नाहीं. तेव्हांपासून कोणालाही 'जरा थांबा' म्हटलें, कीं आम्ही लगेच 'मी येथेंच आहें' असें जोडतों. घरचीं माणसें या लकबीला हंसतात, हंसोत बापडीं!