लाल पेन्सिल

दिवाळीच्या ताटात कारले वाढू नये, हे मला कळते. अंक हाती आला की आधी चित्रे पाहावीत, मग विनोदी कथा वाचावी आणि चकली मोडत उरलेली पाने चाळावीत, असा आपणा सर्वांचा रिवाज. तरीही यंदा मी कर्करोगावर लिहायला बसले आहे. कारण आमच्या घरी अनारसे थापायला बसलो की एक पाट रिकामा राहतो. तो माझ्या मावशीचा.

आई आणि मावशी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. परंडा तालुक्यातल्या एका खेड्यात, एकाच वाड्यात दोघींचे संसार झाले. आई थोरली, अबोल. मावशी धाकटी, बोलकी. दुपारी मिसरी लावत ती ओट्यावर बसली की गल्लीतल्या बाया आपोआप गोळा होत. मी मॅट्रिक झाले तेव्हा गावभर साखर वाटली ती आईने नव्हे, मावशीने.

सन २००० च्या सुमारास बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या बाया आमच्या गावी आल्या. बार्शीचा जिल्हा वेगळा, पण आमचा बाजार तिथला आणि दवाखानाही तिथलाच. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या खेड्यांत कोणाला कर्करोग झाला याची नोंदवही तिथे १९८७ पासून ठेवली जाते. ग्रामीण भागासाठी अशी नोंद देशात प्रथम झाली ती इथेच. आता त्यांना ३० ते ५९ वर्षांच्या धडधाकट बायांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायची होती.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई, तर तपासायचं काय?" मावशीने विचारले.

"बायाच हायेत तपासणाऱ्या. चल की," आई म्हणाली.

"मला काय धाड भरलीय, आक्का? चार लेकरं झाल्यावर आता कुणापुढं जाऊन निजायचं? लाज वाटती मला."

आई गेली. मावशी गेली नाही.

आईच्या तपासणीत 'एचपीव्ही' हा विषाणू निघाला. बार्शीला नेऊन दुर्बिणीतून पाहिले आणि बिघडू लागलेला थोडासा भाग गोठवून नाहीसा केला. टाका नाही, कापाकापी नाही. त्या संध्याकाळी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

त्या वेळी यातले मला काही उमगले नव्हते. पुढे मी लहान मुलांना शिकवू लागले आणि वर्गातच ते उमगले. मी फळ्यावर एक ओळ लिहिते. मुलांनी ती पानभर उतरवायची. एखादे पोर फळ्याकडे न बघता स्वतःच्याच वरच्या ओळीवरून खालची उतरवते. पहिल्या ओळीत वेलांटी चुकली की पान संपेपर्यंत तीच चूक, शिवाय नव्या चुकांची भर. आपल्या शरीरातल्या पेशीही अशाच नकला करीत वाढतात. चुका होतातच, बहुतेक चुकांवर शरीर आपली लाल पेन्सिल चालवते. काही निसटतात. तंबाखू, मिसरी, दारू, कडक ऊन आणि नुसते वाढते वयसुद्धा त्या चुका वाढवते. बऱ्याच चुका एका पेशीत साठल्या की ती 'थांब' म्हटलेले ऐकेनाशी होते. तोच कर्करोग. एचपीव्ही तर त्याहून लबाड. तो पेशीतली लाल पेन्सिलच काढून घेतो.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना केव्हा ना केव्हा गाठतोच. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही आणि गेल्या जन्मीचे पापही नाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्षा-दोन वर्षांत निघून जातो. थोड्याजणींत ठाण मांडतो आणि मग कर्करोग व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. पंधरा-वीस वर्षे! एवढ्या अवधीत पोर जन्मून मॅट्रिक होते. एवढा वेळ हा रोग आपल्याला देतो, आणि आपण तो लाजण्यात घालवतो.

पाळी जाऊन काही वर्षे झाल्यावर मावशीला पुन्हा अंगावरून जाऊ लागले. तिने ते वर्षभर लपवले. फडकी रात्री धुऊन अंधारातच वाळत घातली. कळले तेव्हा वेळ गेली होती. २०१० च्या दिवाळीला तिचा पाट रिकामा होता.

आमच्या जिल्ह्यातल्या त्या कामाचा निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,३१,७४६ बायांची नोंद केली होती. कोणत्या गावांत कोणती तपासणी, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरले होते. एचपीव्हीची एकदाच तपासणी ज्या गावांच्या वाट्याला आली, तिथल्या ३४ हजार बायांपैकी आठ वर्षांत ३४ जणी या रोगाने गेल्या. ज्या गावांत नुसती माहिती सांगितली, तिथल्या साडेएकतीस हजारांपैकी ६४. त्या चौसष्टांचा विचार आला की मन अवघडते. पण मावशीच्या गावाला तर तपासणी मिळाली होती. दारापर्यंत आली होती.

मावशीला नावे ठेवायचा मला मात्र अधिकार नाही. माझ्या एका कादंबरीत मी तिला आणले. शेवटी तिला मारावे लागले, तेव्हा तापाने मारले. खरे दुखणे कागदावर लिहायलाही मला लाज वाटली. आणि मी स्वतः? गेल्या दिवाळीत आईने कढईतून डोळे न काढता विचारले, "तू गेलीस का गं बार्शीला?" मी उत्तर दिले नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ही तपासणी पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा व्हावी. पस्तिशी मी केव्हाच चुकवली होती.

या श्रावणात गेले. आई बाकावर पिशवी धरून बसली होती. पाच मिनिटांचे काम. त्याच्या भीतीत मी पंधरा वर्षे घालवली होती. विषाणू निघाला नाही.

मावशीची नात बारा वर्षांची आहे. नऊ ते चौदा या वयात या विषाणूची लस द्यावी, असे सांगतात. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही लस २०२३ पासून मिळू लागली आहे. परवा तिला टोचून आणले. दंड चोळत ती म्हणाली, "एवढंच?"

यंदा तिला अनारसे थापायला त्या पाटावर बसवणार आहे.